तीन शतांश ग्रॅम

गुप्तहेरांच्या प्रशिक्षणात मी पहिल्याच दिवशी नापास झाले, आणि तेही भेंडीमुळे.

पाठलाग कसा करायचा, हे आम्हाला पुण्याच्या एका मंडईत शिकवत होते. निळा शर्ट घातलेल्या माणसाच्या मागे वीस पावलं अंतर ठेवून चालायचं आणि त्याला कळू द्यायचं नाही, एवढंच काम. निळा शर्ट भेंडीच्या गाळ्यापाशी थांबला म्हणून मीही थांबले. गाळेवाल्याने कुणाला तरी अर्धा किलो भेंडी मोजून दिली आणि माझी नजर काट्यावर गेली. रिकामा काटा अठरा ग्रॅम दाखवत होता. पुढचं मला नीट आठवत नाही. भानावर आले तेव्हा मी गाळ्याच्या आत उभी होते, गाळेवाला हात जोडून "मॅडम, ह्या खेपेला सोडा" म्हणत होता, भोवती पन्नास माणसं जमली होती आणि त्या पन्नासांत निळा शर्टसुद्धा होता. तो माझ्या बाजूने भांडत होता.

मी सुचिता परुळेकर. वजनमापे खात्यात सव्वीस वर्षं निरीक्षक. खोटा काटा मला सहन होत नाही आणि खोटं बोलताना माझे कान लाल होतात. अशा बाईला गुप्तहेर करायची बुद्धी सरकारला का झाली, ते पुढे येईलच.

माझ्याबरोबर निवडलेले दुसरे गुप्तहेर म्हणजे आमच्याच कार्यालयातले विलास घोगळे. निवृत्तीला आठ महिने उरलेले. हुद्दा मदतनिसाचा, म्हणजे आमची प्रमाण वजनांची पेटी ते उचलायचे. पण जीव सगळा दशावतारात. चाळीस वर्षं गावोगावच्या जत्रांत त्यांनी राजे, राक्षस आणि दोन-तीनदा राण्यासुद्धा केल्या होत्या. वेषांतराच्या परीक्षेत त्यांचा पहिला नंबर आला. अडचण एवढीच, की कोपऱ्यात गुपचूप उभं राहा म्हटलं तरी ते कोपऱ्यात प्रवेश करायचे. आधी एक पाय, मग मान, मग नजर.

नवव्या दिवशी प्रशिक्षण संपलं. आम्हाला घाईघाईने आमच्या वरिष्ठ अधिकारी देवयानी मॅडमसमोर उभं केलं. मॅडम बत्तीस वर्षांच्या, बोलणं भराभर, आणि सतत बडीशेप चघळायची सवय.

"परुळेकर बाई, एक किलो साखर डोंगराच्या पायथ्याशी जोखली आणि मग तीच माथ्यावर नेऊन जोखली, तर?"

"कमी भरेल," मी म्हणाले. "दोनशे साठ मीटरचा डोंगर असेल तर सहा शतांश ग्रॅम."

मॅडमचं चघळणं थांबलं. "मी दोनशे साठ म्हणाले नव्हते."

"माझ्या माहेरचा डोंगर दोनशे साठ मीटर आहे. मी नेहमी त्याचंच उदाहरण देते."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "म्हणूनच तुम्ही इथे आहात."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना, खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. पृथ्वी सगळ्यांना सारख्या जोराने ओढत नाही, हे आमच्या खात्यात सगळ्यांना ठाऊक असतं. उंचावर ओढ कमी, जड खडकावर किंचित जास्त, आणि पायाखाली पोकळी असली तर तिथे अगदी नखभर कमी. हा फरक अब्जात काही भाग एवढाच असतो. तो पकडणारी यंत्रं पूर्वी कपाटाएवढी असायची. गेल्या पाच वर्षांत ती काडेपेटीएवढी झाली. आत हवा काढून टाकलेली एक कुपी, तिच्यात लेसरने गारठवून जवळजवळ निश्चल केलेले काही लाख अणू. ते अणू सोडून द्यायचे आणि ते किती वेगाने पडतात ते मोजायचं. अणू खोटं पडत नाहीत. चार मिनिटं यंत्र हललं नाही, की त्या जागेची ओढ कळते. अशा दोन-तीनशे जागा मोजल्या, की डोंगर न खणता त्याच्या पोटात कुठे काय पोकळ आहे त्याचा नकाशा तयार.

"म्हणजे झाकलेलं असं काही उरणारच नाही," मी म्हणाले.

"तुमच्या माहेरच्या, मोरवंड्याच्या डोंगरात सरकारने एक गोष्ट झाकून ठेवलीय. काय ते विचारू नका. कुणीतरी तो डोंगर मोजतंय. रोज संध्याकाळी सात वाजता मोजणीचे आकडे मोरवंड्यातून देशाबाहेर जातात. नकाशा ऐंशी टक्के झालाय. आमचे नेहमीचे हेर फोन ऐकतात, पत्रं फोडतात. वजन कशाशी खातात ते त्यांच्यापैकी एकालाही माहीत नाही." मॅडमनी माझ्यासमोर एक छायाचित्र ठेवलं. "आकडे ह्या दुकानातून जातात."

साटम भांडी भांडार. पाटी मी यापूर्वी पाहिली नव्हती, पण खाली पायरीवर बसलेला माणूस ओळखायला मला पाटीची गरज नव्हती. तो माझा सख्खा मोठा भाऊ, नंदूदादा.

"चौदा वर्षं तुमचं बोलणं नाही, हेही माहीत आहे," मॅडम जरा हळू म्हणाल्या. "भाऊबीज परवा आहे. ओवाळायला म्हणून जा, राहा, यंत्र शोधा. त्याला एका शब्दाने काही कळता कामा नये. भाऊबीजेला संध्याकाळी पाच वाजता आम्ही दुकानावर येतोय. यंत्र मिळो न मिळो, तुमच्या भावाला ताब्यात घेणार."

चौदा वर्षांपूर्वी दादाचं मोरवंड्यात किराणा दुकान होतं. मी तपासणीला गेले, पाच किलोचं प्रमाण वजन ठेवलं आणि त्याचा काटा किलोमागे वीस ग्रॅम कमी देताना सापडला. दुसरा कोणी दुकानदार असता तर जे केलं असतं तेच मी केलं. काटा जप्त केला, पावती फाडली, बाजारपेठ बघत असताना त्याची सही घेतली. गिऱ्हाईक तुटलं, वर्षभरात दुकान बंद पडलं. त्या दिवसापासून भाऊबीज कॅलेंडरवरच राहिली. मी नियमाने वागले होते, असं मी चौदा वर्षं स्वतःला सांगत आले. कान मात्र दर वेळी लाल व्हायचे.

*

भाऊबीजेच्या सकाळी नऊ वाजता आमची जीप मोरवंड्यात शिरली. घोगळे माझे ड्रायव्हर झाले होते. ड्रायव्हरला पूर्वायुष्य हवं म्हणून वाटेत त्यांनी स्वतःला एक अपघात, दोन मुली आणि एक खंगलेली आई देऊन टाकली होती.

"घोगळे, तुम्हाला कोणी काही विचारणार नाही."

"इचारला तर? मॅडम, तयारी असलेली बरी."

दादा पायरीवरच होता. केस पांढरे झाले होते. वहिनी तिच्या भावाकडे ओवाळायला गेली होती, त्यामुळे घरात तो एकटाच.

"इलंस?" तो म्हणाला.

"इलंय," मी म्हणाले.

चौदा वर्षांनंतरचं पहिलं बोलणं एवढंच झालं. मग त्याने माझी पिशवी घेतली. मला तिथेच रडू फुटलं असतं, पण आत शिरले आणि समोरची भिंत दिसली. गल्ल्यामागे गणपतीचा फोटो होता, आणि त्याच्याखाली काचेच्या चौकटीत माझ्या अक्षरातली जप्तीची पावती.

त्याने ती मढवून लावली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी.

मी पाट मांडला, रांगोळीची दोन बोटं ओढली, निरांजन लावलं आणि त्याला ओवाळलं. तबक फिरवताना माझ्या मनात एकच विचार होता, की संध्याकाळी पाच वाजता ह्याच माणसाला घेऊन जाणार आहेत आणि मी ते जाणून ओवाळते आहे. दादाने खिशात हात घातला, पावतीच्या भिंतीकडे बघितलं, हात तसाच बाहेर काढला.

"ओवाळणी सांजवेळी देतंय. थांबशील मा?"

"थांबतंय," मी म्हणाले. माझे कान तापले होते.

दादा पोहे करायला आत गेला आणि आम्ही दुकान धुंडाळलं. कळश्या, पराती, पिंपं, कुकर. घोगळ्यांनी एकशे चाळीस डब्यांची झाकणं उघडली आणि प्रत्येक वेळी दचकण्याचा अभिनय केला. यंत्र नव्हतं. गल्ल्याशेजारच्या फळीवर पाच छोटे डिजिटल काटे चार्जिंगला लावलेले होते, वहीएवढे. मी सवयीने त्यांच्याकडे हात नेला तोच आतून दादा आला.

"ते केसांचे. सहावो पारूकडे आसा. वरच्या वाडीत गेली ती."

मग त्याने सांगितलं ते असं. गंगावनं आणि टोप बनवणाऱ्या एका कंपनीसाठी तो केस गोळा करायचा. विंचरताना गळलेले केस बायका वर्षभर साठवतात. पारू आणि तिच्यासारख्या पाच बाया दारोदार फिरून ते जोखतात आणि त्यांच्या बदल्यात दादाच्या दुकानातली भांडी देतात. काटे कंपनीचे, फुकट. आज चार-साडेचारला कंपनीचा माणूस गाडी घेऊन केस न्यायला येणार होता.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. यंत्र टिफिनमध्ये असेल, देव्हाऱ्यात असेल, असंच माझ्या डोक्यात होतं. दुपारी एक वाजेपर्यंत आम्ही विहिरीतसुद्धा डोकावून आलो.

*

दोन वाजता आम्ही डोंगरमाथ्यावरच्या वाडीत गेलो. एका अंगणात पारू बसली होती, पन्नाशीची, तोंडाने फटकळ. समोर सात-आठ बाया, प्रत्येकीच्या हातात केसांची पिशवी, आणि सगळ्यांचं लक्ष एका नव्या पातेल्यावर. पारूने केसांची गुंडाळी काट्यावर ठेवली आणि हात वर केले.

"आता चार मिन्टां कोणी हात लावचो नाय. केसांतली ओल उडूक व्हयी. कंपनीचो नियम."

हे वाक्य ऐकून जगातला कोणताही धड गुप्तहेर ताडकन उठून बसला असता. मी उठले, पण वेगळ्याच कारणासाठी. काट्यावर खात्याचं सील नव्हतं.

"सील खय आसा?" माझ्या तोंडून गेलं.

"मॅडम, नको," घोगळे पुटपुटले.

पण माझा हात पर्समध्ये गेला होता. ओळखपत्र बाहेर, पाचशे ग्रॅमचं प्रमाण वजन बाहेर. मी वेषांतर करून आले आहे, मला कोणी ओळखता कामा नये, नऊ दिवस मला हेच शिकवलंय, यातलं काहीही मला त्या क्षणी आठवलं नाही. मी केसांची गुंडाळी बाजूला केली आणि वजन ठेवलं.

पाचशे पूर्णांक शून्य शून्य.

"बघितलंस?" पारू ठसक्यात म्हणाली. "नंदूदादांचो काटो आसा तो!"

मला बरं वाटलं. सव्वीस वर्षांत इतका खरा काटा मी पाहिला नव्हता. वजन उचलून पर्समध्ये ठेवलं, जीपकडे दहा पावलं चालले आणि तिथेच पाय थबकले.

"घोगळे. आपण किती उंचीवर आहोत?"

"दोनशे साठ. तुमीच नेहमी सांगतास."

"मग इथे चारशे नव्याण्णव पूर्णांक सत्त्याण्णव भरायला हवं होतं. तीन शतांश कमी."

"काटो हयच जुळवलो असात."

"मग तो खाली तीन शतांश जास्त दाखवेल. चला!"

आम्ही पारूला आणि तिच्या काट्याला जीपमध्ये घातलं. "माझां पातेलां!" ती ओरडली, तेव्हा पातेलंही घातलं. घोगळ्यांनी तो घाट असा उतरवला, की अपघाताचं त्यांचं बनावट पूर्वायुष्य खरं ठरायची वेळ आली. पायथ्याशी पोचताच मी पिंपळाच्या पारावर काटा ठेवला. पारूच्या नियमाप्रमाणे चार मिनिटं कोणाला हात लावू दिला नाही. वजन ठेवलं.

पाचशे पूर्णांक शून्य शून्य.

मी पारावरच बसले. काटा वजन जोखतो, म्हणजे पृथ्वीची ओढ जोखतो. ओढ बदलली तर आकडा बदलायलाच हवा. जो काटा माथ्यावर आणि पायथ्याशी सारखाच खरा राहतो, त्याला दोन्हीकडची ओढ स्वतंत्रपणे कळत असली पाहिजे. म्हणजे त्याच्या पोटात ते अणू होते. प्रत्येक अंगणात चार मिनिटं, हात न लावता. बाया आपल्या गळलेल्या केसांची भांडी घेत होत्या आणि काटा त्यांच्या पायाखालचा डोंगर वाचत होता.

"मॅडम!" घोगळे नाचायचेच बाकी होते. "गावलां! यंत्र गावलां!"

यंत्र सापडलं होतं. आणि अशी सहा यंत्रं माझ्या भावाच्या फळीवर चार्ज होत होती, तिथूनच आकडे जात होते. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

*

देवयानी मॅडमना फोन लावायचा, एवढंच माझं काम उरलं होतं. मी फोन हातात घेतला. मग मला चौदा वर्षांपूर्वीची दुपार आठवली. त्या दिवशी मी काट्याला विचारलं होतं. दादाला काही विचारलंच नव्हतं.

त्याला एका शब्दाने कळता कामा नये, असा हुकूम होता. तो त्यांच्यातला असेल तर मी विचारताच सगळं हातचं जाणार, आणि माझी नोकरीही. नसेल आणि मी गप्प राहिले, तर पाच वाजता बाजारपेठेसमोर त्याची दुसऱ्यांदा नाचक्की होणार, आणि ह्या वेळीही कारण मीच. ह्या दोन गोष्टी कुठल्याच काट्यावर जोखता येणार नव्हत्या. मी फोन पर्समध्ये टाकला आणि दुकानात शिरले.

"दादा, हे काटे वर आणि खाली सारखां वजन कशे दाखवतत?"

मला वाटलं होतं तो दचकेल. त्याचा चेहरा उजळला. खरंच उजळला, शाळेत पहिला आलेल्या पोरासारखा.

"तुझ्या ध्यानात इला? म्हायत होता माका! दुसऱ्या कोणाच्या ध्यानात येवचा नाय!" त्याने गल्ल्याखालून एक फाइल ओढली. "पयले ते नीट नव्हते. खाली पाचशे, वर तीन शतांश कमी. लहानपणी तूच माका सांगितलंलंस, डोंगरार वजन कमी भरता म्हणान. म्हटलां, म्हणजे वरच्या वाडीतल्या बायांचे केस मी रोज कमी जोखतंय! मी कंपनीक पत्र धाडलंय. ह्यां बघ."

पत्राची प्रत होती. बारा जूनची.

'आपले काटे माथ्यावर तीन शतांश ग्रॅम कमी दाखवतात. माझ्याकडून एकदा कमी माप गेले आहे, पुन्हा जाऊ देणार नाही. काटे दुरुस्त करून द्यावेत, नाहीतर परत न्यावेत.'

"आठ दिवसांत दुरुस्त करून दिले," दादा म्हणाला. "बरी माणसां."

मी पत्र दोनदा वाचलं. अक्षरं हलायला लागली होती. ती बरी माणसं घाबरली असणार. इतकी बेमालूम वाट हातची जाईल, म्हणून त्यांनी दुकानदाराचं समाधान करायला काट्याला आत मोजलेली ओढ वापरून आकडा सुधारायला लावला. बाहेरच्या देशातल्या हुशार लोकांनी डोंगर चोरायचा बेत आखला होता, आणि तो उघडा पडला तो मोरवंड्याच्या एका भांडीवाल्याला तीन शतांश ग्रॅम झोपू देत नव्हते म्हणून. ज्याला चोरून मोजायचं आहे तो असं पत्र कधीच धाडणार नाही.

"दादा," मी म्हणाले, "तो जुनो काटो. किराणा दुकानातलो. तुका म्हायत होता?"

तो परातीवरची धूळ पुसायला लागला.

"आतून गंजलेलो. माका खरांच म्हायत नव्हता गो. तू इचारलंस नाय."

*

तीन पस्तीसला मी मॅडमना सगळं सांगितलं. पत्राचा फोटो पाठवला. पलीकडे बडीशेपेची वाटी पडल्याचा आवाज आला.

"म्हणजे खरा माणूस तो कंपनीवाला! आता येतोय? तो निसटला तर मागची सगळी साखळी गेली. आम्ही अजून पाऊण तासावर आहोत. त्याला अडवून ठेवा."

"कसं?"

"तुम्ही गुप्तहेर आहात!"

"नऊ दिवसांची," मी म्हणाले, पण फोन बंद झाला होता.

आणि दारात पांढरी व्हॅन उभी राहिली. नियोजित वेळेच्या वीस मिनिटं आधी. तिशीचा, गोड हसणारा एक तरुण उतरला. "हॅपी दिवाळी, नंदूकाका! केस द्या, आणि काटे ह्या वेळी सगळेच नेतो. नवीन मॉडेल आलंय."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी त्याला जेमतेम दोन वाक्यांत सांगितलं होतं, आणि त्याचा चेहरा पांढराफटक होता. तरुणाने पहिला काटा उचलला. माझ्याकडे पिस्तूल नव्हतं, कराटे नव्हतं. मला आयुष्यात एकच गोष्ट उत्तम येत होती.

"काटा खाली ठेवा," मी म्हणाले आणि ओळखपत्र काढलं. "निरीक्षक, वजनमापे. ह्या काट्यांवर सील नाही. मी ते जप्त करते आहे. पंचनामा होईल. नाव सांगा."

त्याचं हसू अर्धा क्षण गोठलं. पळाला असता तर संपलं असतं, पण पळेल कसा? खरा कंपनीवाला सील नाही म्हणून पळत नाही. तो कटकट म्हणून सुस्कारा टाकतो आणि सही करतो. "अर्णव," त्याने सुस्कारा टाकला. "किती वेळ लागेल, मॅडम?"

"जेवढा लागतो तेवढा."

पंचनामा मी हाताने लिहिते. तीन प्रती, मध्ये कार्बन. पंच म्हणून पारू आणि दादा. काटा क्रमांक एक. लांबी. रुंदी. रंग.

"करडा," अर्णव म्हणाला.

"मला राखाडी वाटतो. पंचांचं मत काय?"

"शेवाळी," पारू म्हणाली.

ह्यावर अकरा मिनिटं गेली. दुसऱ्या काट्याला ओरखडा होता, त्याची लांबी मोजली. तिसऱ्याच्या वेळी पेनातली शाई संपली. अर्णव आता घड्याळ बघत होता आणि मानेवर घाम आला होता. चौथ्या काट्याच्या वेळी तो उठलाच.

"मॅडम, काटे तुम्हीच ठेवा. मला दुसरं गाव आहे." आणि तो झपाझप व्हॅनकडे निघाला.

तेव्हा विलास घोगळ्यांनी प्रवेश केला. आधी एक पाय, मग मान, मग नजर. व्हॅनच्या बरोबर पुढ्यात त्यांनी छातीवर हात ठेवला आणि "आये!" अशी आरोळी ठोकली, की बाजारपेठ थांबली. मग ते मरू लागले. एकदा डावीकडे कोसळले, उठले, दोन मुलींना हाका मारल्या, खंगलेल्या आईची क्षमा मागितली, पुन्हा कोसळले. शंभर माणसं गोळा झाली. कोणी पाणी आणलं, कोणी कांदा. व्हॅन पुढे जाईना, मागे जाईना. घोगळे नऊ मिनिटं मरत होते, आणि शेवटचा श्वास सोडत असतानाच देवयानी मॅडमच्या तीन गाड्या धुरळा उडवत आल्या. त्यांना पाहून घोगळे ताडकन उठले आणि गर्दीने टाळ्या वाजवल्या.

उरलेले काटे मी एव्हाना लिहून काढले होते; अर्णवला गाडीत बसवताना मी त्याच्यासमोर कागद धरला. "सही राहिलीय."

त्याने केली. बिचाऱ्याला कळेनासंच झालं होतं.

*

सहा वाजता सगळं शांत झालं. मॅडम काटे घेऊन गेल्या, जाताना माझा हात घट्ट दाबून गेल्या. घोगळे अंगणात पारूच्या पातेल्यातला चहा पीत लोकांना तोच मृत्यू पुन्हा करून दाखवत होते. आत दादा आणि मी.

"सुचे, एक इचारू? तू भाऊबीजेक इलंस, काय माझ्यार नजर ठेवूक?"

हो म्हणता आलं असतं, नाही म्हणता आलं असतं. माझे कान त्याला लहानपणापासून ठाऊक होते.

"दोन्ही," मी म्हणाले. "आधी नजर ठेवूक. पण ओवाळलंय ता खरांच ओवाळलंय, दादा. आणि त्या वेळी तुका इचारूक व्हया होता. चुकलां माझां."

तो उठला, भिंतीवरची ती चौकट काढली, मागचे खिळे चमच्याने उचकटले आणि पावती बाहेर घेतली. कागद पिवळा पडला होता, माझं अक्षर तेवढं ठळक होतं.

"रोज दुकान उघडताना पयली हीच वाचतंय. कोणाक कमी जाता नये म्हणान. राग म्हणान नाय लावलंय गो," तो म्हणाला. "सकाळीच तुका देवची होती. धीर झालो नाय."

मग तो जाऊन पाटावर बसला. मी निरांजन पुन्हा लावलं. ह्या वेळी ओवाळताना तो डोळे पुसत होता. ओवाळून झाल्यावर त्याने ती पावती घडी न करता माझ्या तबकात ठेवली.

गणपतीखाली भिंतीवर एक फिकट चौकोन उरला होता. "थय आता काय लावतलंस?" मी विचारलं.

दादाने गल्ल्यावरून पंचनाम्याची तिसरी प्रत उचलली. सहा काटे, रंग वादग्रस्त, सील नाही म्हणून जप्त. गुपित असं त्यात काहीच नव्हतं. खाली कार्बनमधून उमटलेली त्याची सही होती. त्याने कागद चौकटीत बसवला, काच पदराने पुसायला माझ्याकडे दिली आणि खिळा ठोकता ठोकता म्हणाला,

"ह्या वेळी पंच मी आसंय."